मुठीत मावणारे इंजिन आणि फाटकाबाहेरचे हात

अंतराळाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे दिसतात. पहिला प्रकार स्टेटस ठेवणाऱ्यांचा. रॉकेट उडाले की मोबाइलवर तिरंगा लावायचा आणि दुसऱ्या दिवशी विसरून जायचे. दुसरा प्रकार नाक मुरडणाऱ्यांचा. "वस्तीला गटार नाही, स्मशानभूमीला रस्ता नाही आणि यांना चंद्र पाहिजे," असे म्हणून विषय संपवायचा. आम्हाला दोघांचेही पटत नाही. कारण एक साधा प्रश्न दोघेही विचारत नाहीत. ही यंत्रे कशाची बनतात, ती कुणाचे हात बनवतात आणि ते हात कुणाचे असावेत हे कोण ठरवते?

बारामती आणि इंदापूरच्या तरुणांनी तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचे अर्धे उत्तर आपल्या तालुक्यातच आहे.

इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर आपण ऊस आणि साखरेमुळे ओळखतो. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इथे साखर कारखाना उभा केला आणि वसाहतीला नावही त्यांचेच पडले. साखरेच्या जोडीने पुढे तिथे अवजड यंत्रे बनवणारा कारखाना वाढला. आज तिथे इस्रोच्या रॉकेटच्या मोटरची कवचे तयार होतात. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या दोन्ही बाजूंना जे एस-२०० बूस्टर होते, त्यांच्या कवचाचे भाग वालचंदनगरचे. व्यास ३.२ मीटर आणि प्रत्येकाच्या पोटात सुमारे २०० टन घन इंधन. ज्या रस्त्याने उसाच्या गाड्या जातात, त्याच रस्त्याने हे भाग ट्रेलरवर लादून जातात.

हे कवच साध्या लोखंडाचे नसते. त्याला मॅरेजिंग पोलाद म्हणतात. नेहमीच्या पोलादाला कडकपणा कार्बनमुळे येतो. इथे कार्बन जवळजवळ काढून टाकलेला असतो, ०.०३ टक्क्याहूनही कमी. त्याऐवजी सुमारे १८ टक्के निकेल, सोबत कोबाल्ट, मॉलिब्डेनम आणि चिमूटभर टायटॅनियम. हे पोलाद ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भट्टीत ठेवले की त्याच्या आत निकेल, मॉलिब्डेनम, टायटॅनियमचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा काही हजार पट बारीक. हे कण धातूच्या आतले थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. इतक्या अवाढव्य कवचाची ताकद अशी डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत असते. पुढचा सगळा विषय समजायला ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

कुणी म्हणेल, समाजशास्त्रात एम.ए. केलेल्यांनी पोलादाच्या गोष्टी कशाला सांगाव्यात? बाबासाहेब अर्थशास्त्राचे आणि कायद्याचे पंडित होते, पण मजूरमंत्री असताना त्यांनी वीज, धरणे आणि तांत्रिक प्रशिक्षण हे विषय हातात घेतले. समाज कसा चालतो हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला त्या समाजाची यंत्रे कशी चालतात हेही थोडे कळलेच पाहिजे.

इंजिन लहान केले की काय बिघडते?

रॉकेटचे काम उपग्रहाला वर नेऊन सोडण्याचे. पुढचा प्रवास उपग्रहाने स्वतः करायचा. मोठ्या उपग्रहांकडे त्यासाठी इंधनाच्या टाक्या आणि इंजिने असतात. पण गेल्या पंचवीस वर्षांत उपग्रह लहान होत गेले. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांतील प्राध्यापकांनी क्यूबसॅटचे माप ठरवले. एक घन, प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर. चहाच्या पुड्याएवढी वस्तू. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी असाच एक उपग्रह बनवला, 'स्वयम्'. वजन किलोभराहूनही थोडे कमी. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने तो कक्षेत गेला. त्याला इंजिन नव्हते. आत बसवलेल्या चुंबकाच्या आधाराने तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे आपली दिशा राखत होता. विद्यार्थ्यांसाठी ही मोठी मजल होती. पण असा उपग्रह आपली कक्षा बदलू शकत नाही. समोरून काही आले तर बाजूला होऊ शकत नाही आणि काम संपल्यावर स्वतःहून खाली उतरू शकत नाही.

शेवटची गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काम संपलेले उपग्रह, रॉकेटचे तुकडे, टकरींतून उडालेला चुरा, हा सगळा कचरा पृथ्वीभोवती सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरतो आहे. २०३० पर्यंत भारताच्या मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट इस्रोने जाहीर केले आहे. म्हणजे उपग्रहाने जाताना स्वतःची आवराआवर स्वतः करायची. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांची घाण उचलायला लावली, त्या समाजातल्या आम्हाला हा नियम फार आवडतो. ज्याने कचरा केला त्यानेच तो उचलावा. जमिनीवर हा नियम कधी येईल ते येईल, वर तरी तो येऊ घातला आहे. आणि तो पाळायचा तर चहाच्या पुड्याएवढ्या उपग्रहालाही इंजिन हवे.

मग मोठे इंजिन लहान करून बसवले की झाले? नाही. पातेल्यातला चहा बराच वेळ गरम राहतो, बशीत ओतलेला लगेच निवतो. वस्तू लहान होत जाते तसे तिच्या आतल्या ऐवजाच्या मानाने तिचा बाहेरचा पृष्ठभाग वाढत जातो. छोट्या इंजिनात जी उष्णता धक्का द्यायला वापरायची, ती भिंतीतूनच निघून जाते. नोझलचे भोक मिलिमीटरभराच्या आतले असेल तर वायूचा कडेला चिकटून रेंगाळणारा थरच अर्धी वाट अडवतो. तासकामात राहिलेला बारीकसा कंगोराही इथे मोठा होतो. मोठ्या इंजिनात जी चूक खपून जाते, ती लहान इंजिनात खपत नाही. म्हणून लहान इंजिनाचा खरा प्रश्न पदार्थाचा आहे. कोणता धातू, कोणती चिनीमाती, कोणता उत्प्रेरक वापरायचा आणि तो किती बारकाईने घडवायचा?

आजवर उपग्रहांच्या इंजिनात मुख्यतः हायड्राझिन वापरत आले. हे द्रव इरिडियम लावलेल्या अॅल्युमिनाच्या खड्यांवरून नेले की आपोआप फुटते आणि गरम वायू होतो. काम चोख, पण द्रव अत्यंत विषारी. ते भरणाऱ्या कामगाराला डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाख घालून हवाही बाहेरून घ्यावी लागते. म्हणून आता कमी विषारी इंधने येत आहेत. त्यांना हरित इंधने म्हणतात. पण त्यांतली काही १६०० अंशांच्याही वर जळतात. साधारण १३०० अंशांच्या आसपास वितळणारे निकेलचे मिश्रधातू तिथे टिकत नाहीत. मग नायोबियमचे मिश्रधातू, ऱ्हेनियम, इरिडियम असे दुर्मीळ धातू लागतात. इंधन माणसाला सोपे झाले आणि धातूला अवघड.

दुसरा मार्ग हायड्रोजन पेरॉक्साइडचा. मेडिकलमध्ये जखम धुवायला जी बाटली मिळते, तोच पदार्थ. फरक एवढाच, की बाटलीत तो काही टक्केच असतो आणि इंजिनासाठी नव्वद टक्के किंवा त्याहून तीव्र लागतो. तो चांदीच्या जाळीवरून नेला की फुटून वाफ आणि ऑक्सिजन होतो. नव्वद टक्क्यांचा पेरॉक्साइड फुटला की तापमान साडेसातशे अंशांच्या घरात जाते. अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा असेल तर साडेनऊशेच्या आसपास. आणि चांदी वितळते ९६१ अंशांना. म्हणजे इंधन जरा तीव्र केले की तुमची जाळीच मऊ पडायला लागते. मग चांदी सोडून चिनीमातीच्या सच्छिद्र खड्यांवर दुसरा उत्प्रेरक चढवायचा, तो तडकू नये म्हणून वेगळी खटपट करायची. एका जाळीभोवती संशोधकांची वर्षे जातात ती अशी.

रविवारच्या अभ्यासिकेत आम्ही हा विषय काढला तेव्हा मेडिकलमधली बाटली आणली आणि त्यात बटाट्याची एक चकती टाकली. फस्सकन फेस आला. बटाट्यातले एक विकर तेच काम करते जे चांदी करते. आठवीतल्या पोरीपासून भरतीची तयारी करणाऱ्या पोरापर्यंत सगळे वाकून बघत होते. अर्थात तीव्र पेरॉक्साइड हा खेळण्याचा पदार्थ नाही, तो प्रयोगशाळेबाहेर कुणी हाताळू नये. पण इंजिनाचे तत्त्व समजायला पाच रुपयांचा बटाटा पुरतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

याच पदार्थावर आपल्या महाराष्ट्रात काम चालू आहे. आयआयटी मुंबईच्या वातावरणात उभी राहिलेली मनस्तू स्पेस ही कंपनी पेरॉक्साइडमध्ये स्वतःची मिश्रणे घालून छोट्या उपग्रहांची इंजिने बनवते. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत तिचे 'व्योम-२यू' इंजिन पोएम-४ या व्यासपीठावरून अंतराळात गेले. पोएम म्हणजे काम संपलेला रॉकेटचा चौथा टप्पा. इस्रो तो फेकून न देता त्यावर प्रयोग बसवते. त्याआधी १ जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही-सी५८ मोहिमेत बंगळूरच्या बेलाट्रिक्स एरोस्पेसने १ न्यूटन वर्गाचे हरित इंजिन चालवून दाखवले. १ न्यूटन म्हणजे तळहातावर ठेवलेल्या शंभर ग्रॅमच्या वजनाएवढा रेटा. वर हवाच नाही, घर्षण नाही, त्यामुळे तेवढा रेटा पुरतो.

विजेवर चालणारी इंजिने तर याहूनही हळू ढकलतात. कागदाच्या एका ए-४ पानाचे जेवढे वजन, त्याहूनही कमी. पण ती महिनोन्महिने ढकलत राहतात. त्यांत झेनॉन वायूचे विद्युतभारित कण करून वेगाने बाहेर फेकतात. त्या माऱ्यात टिकायला बोरॉन नायट्राइडची भिंत लागते. झेनॉन हवेच्या एक कोटी भागांत जेमतेम एक भाग, म्हणून महाग. मग एका फ्रेंच कंपनीने आयोडीन वापरून २०२१ मध्ये जगाला दाखवून दिले, की तेच आयोडीन, जे मिठात घालतात आणि जखमेला लावतात, उपग्रहही ढकलते. ते घन असते, दाबाची जड टाकी लागत नाही. पण ते धातू खाते, म्हणून त्याला चिनीमातीच्या सच्छिद्र ठोकळ्यात बसवावे लागते. १९६४ च्या सोव्हिएत झोंड-२ यानात तर टेफ्लॉनच्या कांडीवर विजेच्या ठिणग्या पाडून धक्का मिळवला होता. नॉनस्टिक तव्याचे टेफ्लॉन!

चांदी, आयोडीन, टेफ्लॉन, चिनीमाती, पोलाद. यातली एकही वस्तू आपल्या घराला अनोळखी नाही. अनोळखी आहे ती बारकाई. आणि बारकाई शिकता येते.

विटाळ: मोजता येणारा आणि न मोजता येणारा

तीव्र पेरॉक्साइडला अस्वच्छता अजिबात खपत नाही. टाकीत लोखंडाचा गंज, तांब्याचा अंश, बोटाचा तेलकट ठसा राहिला तर ते तिथेच फुटायला लागते. म्हणून टाकी आतून आम्लाने धुवून तिच्यावर संरक्षक थर आणतात. जोडणी स्वच्छ खोलीत करतात, जिथे हवेतले धुळीचे कण मोजलेले असतात. आत जाणारा संचालक असो की झाडणारा, प्रत्येकाला तोच पांढरा पोशाख, तीच टोपी, तेच हातमोजे.

इथे आम्हाला मुंबईच्या कापडगिरण्या आठवतात. विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एका कामगाराने ओढलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात प्रवेश नव्हता. पगार विणकामात जास्त होता आणि आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत अडकली होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. यंत्र विलायतेहून आले होते, वाफेवर चालत होते, पण त्याला कुणी शिवायचे हे गावगाडाच ठरवत होता. 'यंत्रे आली की जात जाईल' असे म्हणणाऱ्यांनी तो धोटा विसरू नये.

गिरणीतला विटाळ कुणाला मोजता आला नसता, कारण तो नव्हताच. तो मनात होता. स्वच्छ खोलीतला विटाळ दहा लाखांत किती भाग असा मोजता येतो, धुता येतो आणि तो कुणाच्या जन्माला चिकटलेला नसतो. पेरॉक्साइडला आडनाव वाचता येत नाही. धुतलेला हात कुणाचाही असो, त्याला चालतो. आम्हाला हा विषय आपला वाटतो तो यामुळे. पण स्वच्छ खोलीच्या आधी एक फाटक असते. तिथे पेरॉक्साइड बसत नाही, माणूस बसतो.

फाटक कुठे आहे?

आमचे वडील सीझनला साखर कारखान्याच्या बॉयलरवर असत. कुठल्या ट्यूबला आतून स्केल धरले आहे, हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून किती तापले हे ओळखत. पदार्थविज्ञानाचा तो एक अख्खा धडा होता. कागदावर मात्र त्यांच्या नावापुढे कायम 'अकुशल' असेच लिहिले गेले. कुशल कोण हे हात ठरवत नव्हते, हजेरीपत्रक ठरवत होते.

आता काळ बदलला म्हणतात. आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा टर्नर ट्रेडला चांगल्या गुणांनी पास झाला. एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारीसाठी गेला. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट विचारतील म्हणून रात्रभर तयारी केलेली. विचारले काय? "गावात कुठल्या बाजूला राहता?" मग सांगितले, जागा भरल्या. आठवड्याने त्याच्याच बॅचचा, त्याच्याहून कमी गुणांचा मित्र तिथे रुजू झाला. हा मुलगा आज पार्सल पोचवतो. एक शतांश मिलिमीटर ओळखणारा हात आता दारावरची बेल दाबतो.

या ठिकाणी रडून उपयोग नाही, कायदा काढला पाहिजे. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाचे फार भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण पाहिजे आणि त्यासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी त्यात होती. वकील आणि साहेबांबरोबर त्यांना यंत्रावरचा कारागीरही हवा होता.

१९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा आला. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३-अ घातले गेले. हे कलम सांगते, की ठरवून दिलेल्या ट्रेडमध्ये मालकाने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवल्याच पाहिजेत आणि त्यांचे प्रमाण राज्यातल्या लोकसंख्येवर ठरेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे. नीट वाचा: मालकाने. फक्त सरकारने नव्हे. खासगी नोकरीत आरक्षण नाही हे आपल्याला पाठ आहे. पण खासगी कारखान्यातल्या शिकाऊ जागांत ते पन्नास वर्षांपासून आहे, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. बारामती एमआयडीसीत आणि इंदापूरच्या पट्ट्यात अशी आस्थापने किती आहेत ते मोजायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

वरच्या मजल्यावरचे फाटक वेगळे आहे. केंद्राच्या आरक्षण नियमांत संशोधन करणाऱ्या आणि त्याला दिशा देणाऱ्या वैज्ञानिक पदांना, गट-अ च्या सर्वांत खालच्या पायरीच्या वर, आरक्षणातून सूट देण्याची तरतूद आहे. म्हणजे पहिल्या पायरीवर या, पण दिशा आम्ही ठरवू. आणि आता तर २०२० पासून अंतराळ क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अंतराळ स्टार्टअपसाठी १००० कोटींचा निधी मंजूर केला. बेलाट्रिक्सच्या त्या हरित इंजिनामागे डीआरडीओची तंत्रज्ञान विकास योजना होती, चाचणीला व्यासपीठ इस्रोचे होते. आम्ही या कंपन्यांच्या विरोधात नाही, त्यांचे काम कौतुकाचेच आहे. पण पैसा, प्रयोगशाळा आणि रॉकेट जनतेचे असेल तर शिकण्याची दारे जनतेतल्या कोणाकोणासाठी उघडली, याचा हिशेब मागणे हा द्वेष नाही. तो नागरिकाचा हक्क आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप गुणवत्तेचा. "इथे मायक्रॉनमध्ये काम चालते, इथे आरक्षण चालणार नाही." आम्ही म्हणतो, मायक्रॉनमध्ये चालते म्हणूनच चालेल. मुलाखतीत मन लावून हसणारा आणि साहेबाच्या ओळखीचा, यांना मोजायला यंत्र नाही. पण भोकाचा व्यास मोजायला यंत्र आहे. आमच्या मुलांना लेथवर उभे करा आणि मग मायक्रोमीटर लावा. गुणवत्तेची आम्हाला भीती नाही, भीती आहे ती मोजमाप टाळणाऱ्यांची.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा. "अशा नोकऱ्या आहेत तरी किती?" खरे आहे, फार नाहीत. उद्या सकाळी बारामतीत उपग्रहाच्या इंजिनाचा कारखाना निघणार नाही. पण हे कौशल्य एका दाराचे नाही. आर्गन वेल्डिंग, पाच अक्षांचे मशिन, वायरकट, एक्स-रे आणि अल्ट्रासॉनिक तपासणी, धातूची उष्णताप्रक्रिया ही कामे गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यापासून टर्बाइनच्या पात्यापर्यंत सगळीकडे लागतात. पोलीस भरतीत एका जागेसाठी कितीतरी जण धावतात तेव्हा "जागा किती?" असे आपण विचारत नाही. मग इथेच का विचारतो? कारण हे दार आपल्यासाठी नाही, असे आपणच मनात धरून बसलो आहोत. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाच्या मनातही एक गावकूस तयार होते. ते आधी पाडावे लागेल.

आणखी एक गोष्ट धम्माच्या बाजूने बोलली पाहिजे. रॉकेटची विद्या क्षेपणास्त्रालाही लागते. सम्यक आजीविकेत शस्त्रांचा व्यापार बसत नाही. हा पेच खरा आहे आणि प्रत्येकाने तो स्वतः सोडवायचा आहे. पण पेच सोडवायला आधी आत असावे लागते. बाहेर उभ्या माणसाला कोणते काम नाकारायचे हे निवडण्याचाही अधिकार नसतो. पुराचा इशारा देणारा, पिकाची स्थिती दाखवणारा आणि काम संपल्यावर आपला कचरा स्वतः आवरणारा छोटा उपग्रह लोकांच्याच उपयोगाचा आहे.

आता काय करायचे?

पहिले काम यादीचे. आपापल्या तालुक्यात तीस माणसांवरची आस्थापने कोणती, त्यांनी किती शिकाऊ उमेदवार घेतले, त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे किती, ही माहिती शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागायची. एकट्याने नव्हे, गटाने. उत्तर आले की ते विहारात सगळ्यांसमोर वाचायचे. जयंतीच्या वर्गणीतून दहा रुपयांचा एक अर्ज सहज निघतो.

दुसरे काम अभ्यासिकेचे. आपल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना एक कपाट आहे, त्याच्या शेजारी धातुशास्त्र, रसायनशास्त्र, यंत्ररेखन यांना एक फळी द्या. बारावी सायन्सच्या मुलांना सांगा, की धातुशास्त्राची शाखा सीओईपीत आहे, आयआयटी मुंबईत आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर ती कॉम्प्युटरच्या खूप खाली लिहिली जाते आणि म्हणून कधी कधी मिळून जाते. पुण्यात पाषाणला डीआरडीओची एचईएमआरएल ही इंधनांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. इस्रो आयटीआय झालेल्या टर्नर, फिटर, मशिनिस्टना तंत्रज्ञ म्हणून घेते. या जाहिरातींवर नजर ठेवणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात हवा. परदेशी जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. ती घेऊन पदार्थविज्ञान शिकायला जाणारी मुलगी आम्हाला बघायची आहे.

तिसरे काम मागणीचे. जनतेचा निधी, सरकारी प्रयोगशाळा किंवा सरकारी रॉकेट वापरणाऱ्या प्रत्येक अंतराळ कंपनीने आपल्याकडचे शिकाऊ उमेदवार आणि कर्मचारी कोणत्या सामाजिक गटांतले आहेत ते दरवर्षी जाहीर करावे. ही मागणी आपल्या निवेदनांत, आपल्या मोर्च्यांच्या पत्रकांत आली पाहिजे. हे क्षेत्र अजून लहान आहे, त्याच्या सवयी अजून पक्क्या झालेल्या नाहीत. गिरण्या मोठ्या झाल्यावर आपण धोट्याचा प्रश्न मांडला, तेव्हा खाती वाटून झालेली होती. या वेळी खाती वाटली जाण्याआधी बोलायचे आहे.

वालचंदनगरच्या पोलादाची ताकद न दिसणाऱ्या कणांत आहे, असे आम्ही वर लिहिले. पण ते कण आपोआप तयार होत नाहीत. त्यासाठी पोलादाला ठरलेल्या तापमानाला, ठरलेला वेळ भट्टीत राहावे लागते. आपल्या पोरांमध्ये काय कमी आहे असे कुणी विचारले तर आमचे उत्तर ठरलेले आहे. पोरांमध्ये काही कमी नाही, त्यांना भट्टीपर्यंत जाऊ दिले जात नाही एवढेच. येत्या रविवारी वही आणि माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन विहारात या. यादीला सुरुवात करू.

जय भीम!